सदतिसावी नोंद

सदतिसाव्या माणसाने फुटपाथवरून पाय खाली टाकला, मी सवयीने स्टॉपवॉच दाबलं, आणि मान वर केली तर ती माझी आई होती. आमच्या कामात आधी बटण दाबायचं आणि मग माणूस पाहायचा, नाहीतर अर्धा सेकंद पाहण्यातच जातो. त्यामुळे माझ्या हातात आकडे पळत होते आणि समोरून माझी आई रस्ता ओलांडत होती. ही तीच आई, जी सकाळी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते, मध्ये दोनदा थांबते आणि “आता काही खरं नाही माझं” असं भिंतीलाच सांगते. दुपारी अडीच वाजता ती भर रस्त्यात होती. एका हातात काठी, दुसरा हात शिंपीणबाईच्या कोपरात अडकवलेला. या शिंपीणबाईचं दुकान आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. काचेचं दार, आत दोन मशिनं. कपडे दुरुस्त करायचे, चेन बदलायच्या, मापं लहान-मोठी करायची. माझ्या दोन पँट तिने कमरेला सैल करून दिल्या होत्या. तिला माझ्या कमरेचं माप ठाऊक, एवढीच आमची ओळख. तर ही बाई काहीतरी म्हणाली आणि आई हसली. तोंडावर हात न धरता, पुढचा पडलेला दात लपवायचा विसरून. हसता हसता म्हणाली, “हळू गं ठके, भरपूर वेळ आहे.” मी पलीकडच्या बाजूला सिग्नलच्या पेटीआड उभी होते, अंगात रस्ते खात्याचं नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी. नारिंगी जाकिटातल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, तो आणि खांब सारखेच. दोघी माझ्यापासून चार हातांवरून गेल्या. दुकानाचं दार उघडलं, मिटलं. त्यांचे पाय फुटपाथला लागताक्षणी मी बटण दाबलेलं होतं, हे मला नंतर कळलं. चोवीस सेकंद. मी सदतीसच्या पुढे चोवीस लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

ठकी मी आहे. म्हणजे होते. जन्मल्यावर म्हणे मी रडले कमी आणि टक लावून पाहिलं जास्त, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून आईने ठकी म्हटलं ते चिकटलं. वडील मी दुसरीत असताना गेले आणि आईने तयार शर्टांच्या कारखान्याची काजं करायला घेतली. गठ्ठे घरी यायचे, एका शर्टाला सात काजं, खिडकीशी बसून आई दिवसभर करत राहायची. तिची नजर तेव्हाच मंद होती, सुईत दोरा ओवायचा म्हणजे तिला शिक्षा. म्हणून शाळेत जायच्या आधी मी तिला दहा सुया ओवून उशीत ओळीने टोचून ठेवायचे. “आमच्या ठकीसारखी सुई ओवायला कोणाची प्राज्ञा नाही,” असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची, आणि मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ते ऐकायचे. सुई ओवणं ही काय मोठी विद्या? पण त्या वाक्यावर मी वाढले, हे खरं आहे. नोकरी लागली त्या दिवशी घरी आल्या आल्या तिचा तो डबा उचलला, सुया, रिळं, बोटात घालायची पितळी टोपी, सगळं देऊन टाकलं. “बस झालं आता. आता तू फक्त आराम करायचा.” आई म्हणाली, “टोपी तरी ठेवायचीस.” मला वाटलं, सवयीने म्हणते आहे. पुढे मी विभागाची प्रमुख झाले, तेव्हा ऑफिसातली चार माणसं घरी आली होती, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, “ठके, पाणी आण गं त्यांना.” एक जण हसला. मी स्वयंपाकघरात तिला गाठून दात ओठ खाऊन म्हटलं, “मला पुन्हा त्या नावाने हाक मारायची नाही, कळलं?” कळलं तिला. त्या दिवसापासून तिने मला “अगं” म्हणायला सुरुवात केली. अगं, आलीस का. अगं, दार लाव. चौदा वर्षं मी “अगं” आहे, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. त्या दुपारी पेटीआड उभी राहीपर्यंत काहीही वाटत नव्हतं.

मी तिथे का उभी होते तेही सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील आईवर पाळत ठेवत होती. गाड्यावाल्यांच्या संघटनेचं पत्र आलं होतं. या एका चौकात चालणाऱ्यांना सव्वीस सेकंद हिरवा दिवा मिळतो, शहरात इतरत्र अठरा-वीस, मग इथे काय विशेष? मागे रांग पुलापर्यंत जाते. पत्र माझ्याच टेबलावर येणार, कारण शहरातल्या सिग्नलचे सेकंद मीच ठरवते. ऑफिसात मला पाठीमागे सेकंदबाई म्हणतात, आणि पुढ्यातही म्हटलं तर मी ओ देईन. आमची रीत अशी: शंभर माणसांना रस्ता ओलांडताना मोजायचं, सगळ्यात चपळ माणूस वर, सगळ्यात सावकाश खाली, अशी यादी लावायची, आणि खालची पंधरा सोडून द्यायची. सोडून द्यायची म्हणजे खरंच सोडून द्यायची. ती मध्ये अडकली तर अडकली. पंच्याऐंशीव्याला जेवढा वेळ लागतो त्यात चार सेकंद मिळवायचे की झालं. सगळ्यांसाठी थांबायचं म्हटलं तर गाड्या हलायच्याच नाहीत, असं साहेब म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. मोजणी कोणत्या वेळी करायची हे मात्र मोजणाऱ्याने ठरवायचं, जागा पाहून. चार वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो, आणि आईच्या गुडघ्यांनी तेव्हाच असहकार पुकारला होता. तेव्हा मी दुपारची वेळ निवडली आणि खालची पंधरा सोडलीच नाहीत. “परिसरात वृद्धांची संख्या लक्षणीय” असं एक वाक्य ठोकून दिलं. साहेबांनी वाचलं नाही, सही केली. घरी येऊन मी आईला म्हटलं, “तुझ्यासाठी सव्वीस सेकंद ठेवलेत बरं का समोर. आख्ख्या शहरात कुठे नाहीत.” ती म्हणाली, “बरं,” आणि रेडिओचा आवाज वाढवला. मी नोकरी पणाला लावून दिलेली भेट, आणि तिला बातम्या ऐकायच्या होत्या! तेही मी विसरले नव्हते. माझं हेच वाईट आहे, मी काही विसरत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई पलंगावर शाल घेऊन पडलेली. मी जाकीट काढलं, हात धुतले, चहा टाकला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “कशी आहेस?” “आहे आपली.” “दुपारी काय केलंस?” “काय करणार? पडले होते.” डोळ्याचं पातंही न लवू देता! मी कप तिच्या हातात दिला तेव्हा तिची बोटं पाहिली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला बारीक बारीक टोचल्याच्या खुणा, आणि तर्जनीला दोऱ्याने पडलेली रेघ. ही बोटं मला लहानपणापासून पाठ आहेत. म्हणजे ती त्या दुकानात बसून काजं करत होती. ज्या कामातून मी तिला सोडवलं, तेच काम परक्या बाईच्या दुकानात जाऊन, चोरून, हसत हसत. घरात हिला पाण्याचं भांडं उचलवत नाही. खरं सांगते, आई इतकी चालते आहे याचा मला जराही आनंद झाला नाही. आनंद व्हायला हवा होता, कोणत्याही चांगल्या मुलीला झाला असता. मला फक्त तो कोपरात अडकवलेला हात दिसत होता. मी हात पुढे केला की ती म्हणते, “राहू दे, घाई होते तुला.” अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि वरून मी विचारत होते, “बिस्किट देऊ का?” कानामागून आली आणि तिखट झाली ती शिंपीणबाई! चार वर्षांची ओळख, आणि माझी जन्मापासूनची हाक घेऊन बसली. माझ्या मनात येत होतं, काय बोलत असतील दोघी? माझ्याबद्दल बोलत असतील. ती सकाळी आठला जाते ती सातला येते, म्हणत असेल आई. की काहीच म्हणत नसेल? ते तर आणखी वाईट. मी तिच्या समोर बसून चहा प्यायले आणि आम्ही दोघी बातम्या ऐकत राहिलो. माझ्या पिशवीत सदतीस नोंदींचा कागद होता. आई झोपायच्या आधीच मी तो फाडला, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात ओल्या चहापत्तीखाली दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी त्याच पेटीआड उभी राहिले. साडेनऊला तिथून कोण जातं? कानात वायरी घातलेली, डोळे फोनमध्ये, पाय आपोआप पळणारी माणसं. अकरा सेकंद, बारा, अकरा, तेरा. एक बाई उंच टाचांवर बारा सेकंदात गेली, मला तिचं कौतुक वाटलं. शंभर नोंदी तासाभरात झाल्या. म्हाताऱ्या माणसांना त्या गर्दीत यायचंच नसतं, ती दुपारची वाट पाहतात, हे माझ्याइतकं या शहरात कोणाला ठाऊक असेल? यादी लावली, खालची पंधरा सोडली. नियमाने, काटेकोरपणे. पंच्याऐंशीवा आला पंधरा सेकंदांवर, अधिक चार, एकोणीस. एकही आकडा खोटा नव्हता. हीच तर आमच्या कामातली गंमत आहे, आकडे खोटे करायची गरजच पडत नाही, वेळ निवडली की पुरतं. साहेबांनी कागद पाहिला आणि खूश झाले. “बघा, मी म्हणतच होतो. सव्वीस म्हणजे चैन होती.” सोमवारपासून एकोणीस लागू. सही करताना माझा हात कापला वगैरे काही नाही. उलट छान वाटलं. वाटलं, बघू आता कोण कोणाला भरपूर वेळ देतं ते.

सोमवारी संध्याकाळी आई पलंगावरच होती, पण शाल न घेता, भिंतीला टेकून बसलेली. “पाय दुखतात आज,” म्हणाली. मी तेल चोळून दिलं, तिने चोळू दिलं. मंगळवारी मी दुपारीच घरी आले, रजा कितीतरी साठली होती. आई गॅलरीत खुर्चीवर होती. तिला पाठीला उशी दिली, फळं चिरून दिली, पेपर वाचून दाखवला. मला वाटलं, हेच तर हवं होतं. बुधवारी पुन्हा गेले. आई माझी होती, दुपारभर, कोणाच्या कोपरात नाही. फक्त बोलत नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, हो, नाही, असू दे. काठी कुठे दिसेना म्हणून विचारलं तर म्हणाली, “असेल इथेच, पलंगाखाली.” पलंगाखाली नव्हती. मी फार शोधली नाही, काठी नसली की तिला मला धरावं लागत होतं. गॅलरीतून समोरचं दुकान सरळ दिसतं. शिंपीणबाई मधूनमधून मशिनवरून उठून काचेशी यायची, वर पाहायची. आई पाहायची. कोणी हात हलवायचं नाही. आईची बोटं शालीच्या काठाशी चाळा करत असायची, आणि गुरुवारी माझ्या ध्यानात आलं की तो चाळा नाहीये, ती सुईशिवाय काज करते आहे. टाका, फास, ओढ. टाका, फास, ओढ. सात झाली की शालीचा काठ पुढे सरकवायची. मी पेपर वाचत होते, वाचता वाचता थांबले, तर तिला कळलंही नाही. त्याच दुपारी मी खाली चौकाकडे पाहिलं. आमच्या इमारतीतले मास्तर, पाय ओढत चालणारे, रस्त्याच्या कडेला उभे. हिरवा झाला, ते निघाले, पाच पावलांवर दिवा मिचमिचायला लागला, ते परत फिरले. पुन्हा उभे. एक बाई बाबागाडी ढकलत पळत सुटली, गाडीतलं मूल गदागदा हललं. मास्तर चौथ्या खेपेला गेले, भोंग्यांच्या गजरात, टोपी हातात धरून. घरातलं माझं दुखणं मी चौकात नेऊन टांगलं होतं, आणि त्याचा त्रास मास्तरांना होत होता. हे मला लख्ख दिसलं. दिसलं म्हणून लगेच काही केलं का? नाही केलं. कारण आई अजून काचेकडेच पाहत होती.

शनिवारी दुपारी बेल वाजली. आई आत झोपली होती. दारात शिंपीणबाई, गळ्यात मापाची पट्टी तशीच, हातात कागदात गुंडाळलेलं लांब काहीतरी. मी दार अर्धंच उघडलं. “मावशी बऱ्या आहेत ना? आठवडा झाला, आल्या नाहीत.” “येत होत्या का तुमच्याकडे?” मी असं विचारलं. मला लाज वाटायला हवी होती. ती घाबरली. “तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या, ताई. तुम्ही रागवाल म्हणाल्या. मी काम सांगत नाही हो त्यांना, त्या स्वतःच मागतात. इतकं सुबक काज मशिनला जमत नाही. गिऱ्हाईकं विचारतात, कोणी केलं?” मग तिने तो कागद पुढे केला. आत काठी होती, मधोमध चिरडलेली, चिकटपट्टीने कशीबशी जोडलेली. “सोमवारी आम्ही मधेच अडकलो. रोजच्यासारख्या निघालो आणि निम्म्यावर लाल झाला. एक गाडी अगदी अंगावरून गेली, काठी चाकाखाली. मी मावशींना ओढलं, दोघी पडता पडता वाचलो. मी म्हटलं, मावशी, तुमच्या मुलीला सांगा, त्या तर याच खात्यात आहेत. तर मला शपथ घातली. म्हणाल्या, तिच्या ऑफिसात कोणाची तरी चूक झाली असेल, तिला बोलणी बसतील, आपण नको बोलायला.” मी दाराची कडी धरून उभी. ती बिचारी बोलतच होती. “तुम्हाला खोटं वाटेल ताई, पण रस्ता ओलांडताना त्या रोज मोठ्याने मोजायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, हळू, सव्वीस आहेत, माझ्या लेकीने दिलेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालंय. आख्ख्या शहरात कुठे नाहीत, म्हणतात, फक्त इथे.” मला एकदम तो रेडिओ आठवला. “आणि ते ठकी?” माझ्या तोंडून गेलं. ती ओशाळून हसली. “तुम्हाला कसं ठाऊक? तुमचं लहानपणचं नाव ना ते? म्हणतात, घरी मनाई आहे, ती आता मोठी साहेबीण झाली. पण जिभेला वळण आहे, कोणाला तरी म्हणू दे. मी म्हटलं, म्हणा की मला. माझं काय जातं?” माझं जात होतं, पण ते मीच टाकून दिलेलं होतं, आणि कोणी उचललं म्हणून मी रस्त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पळायला लावलं होतं. मी काठी घेतली. “सांगते आईला,” म्हटलं आणि दार लावलं. तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. इतकं सगळं ऐकूनही तिचा राग येतच होता, काय करू?

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. “चौकातली मोजणी चुकली आहे. पुन्हा करावी लागेल.” त्यांनी चष्मा वर केला. “तुमची? मोजणी? अहो, रांग संपली तिथली, संघटनेचं आभाराचं पत्र आलंय.” “वेळ चुकीची निवडली मी. तिथले चालणारे दुपारचे आहेत, मी सकाळचे मोजले.” “होतं असं कधी.” “मुद्दाम.” साहेबांनी उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, हात दाखवून अवलक्षण कशाला? ‘अनवधानाने’ लिहा. मुद्दाम म्हटलं की चौकशी आली, मोजणी काढून घेतील तुमच्याकडून. सत्तावीस वर्षांची नोकरी आहे तुमची.” चांगला माणूस आहे, वाईट सांगत नव्हता. मी जागेवर येऊन बसले आणि “अनवधानाने” लिहिलं. शब्द छान दिसत होता. मास्तर टोपी हातात धरून पळत होते तेही मग अनवधानानेच. आईची काठीही. मी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि त्यावर लिहिलं की वेळ मी मुद्दाम निवडली, कारण खाजगी होतं, चौकात एक माणूस पडता पडता वाचला आहे, फेरमोजणी दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्यावी. साहेबांनी वाचलं, नुसती मान हलवली. चौकशी, मग दुसऱ्याकडून मोजणी, तीन आठवडे लागतील, म्हणाले. तोवर एकोणीसच.

मी तडक घरी आले. आई गॅलरीत, बोटं शालीवर. तिच्यासमोर स्टुलावर बसले. “आई, ते सेकंद मीच कमी केले.” तिची बोटं थांबली. “तू?” “मी पाहिलं तुला. तिचा हात धरून चालली होतीस. तिला ठकी म्हणालीस.” “मग?” “मग मी जळले. सहन झालं नाही. म्हणून.” आपल्याच आवाजात हे ऐकताना मी आठ वर्षांची वाटत होते. आई माझ्याकडे टक लावून पाहत राहिली, ती नजर माझ्याकडे तिच्याचकडून आली असणार. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. द्यावी असं वाटत होतं. “गाडी अंगावरून गेली माझ्या,” ती म्हणाली. “ती पोर मध्ये पडली नसती तर...” मग म्हणाली, “मी सगळ्यांना सांगत सुटले, लेकीच्या ऑफिसात कोणीतरी गाढव आहे म्हणून.” “आहेच.” ती हसली नाही. “पूर्वीसारखे कर.” “तीन आठवडे लागतील.” “तीन आठवडे मी इथे शाल शिवत बसू?” तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठली. “चल, ने मला.”

खाली कडेला दोघी उभ्या राहिलो. तिने माझ्या कोपरात हात अडकवला. हलका होता, शर्टाच्या बाहीइतका. हिरवा झाला. माझे पाय सवयीने भराभर पडायला लागले आणि तिने मला मागे ओढलं. “ओढू नकोस.” मी तिच्या पावलात पाऊल टाकायचा प्रयत्न केला, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला कळलं की रस्ता किती रुंद असतो. ती मोजत होती, ओठातल्या ओठात. बारा, तेरा. चौदाला दिवा मिचमिचायला लागला. एकोणीसला आम्ही दोन तृतीयांशावर होतो, आणि गाड्या सुटल्या. मी दुसरा हात वर केला, पंजा उघडा, अख्ख्या रांगेसमोर. नारिंगी जाकीट नाही, शिट्टी नाही, नुसती एक बाई. भोंगे वाजायला लागले. एक जण काच खाली करून ओरडला, “दिसत नाही का लाल झालाय?” “दिसतंय!” मी ओरडले, “मीच केलाय तो!” त्याने मला वेड्यातच काढलं असणार. आई मोजतच होती. चोवीस, पंचवीस. सव्विसाला तिचा पाय फुटपाथवर पडला.

काचेचं दार उघडून शिंपीणबाई धावत बाहेर आली आणि आईने माझ्या कोपरातला हात काढून तिला दिला. इतक्या सहज, की माझं कोपर तसंच वाकलेलं राहिलं. काही म्हणजे काही कमी झालेलं नव्हतं. वाटलं होतं, खरं बोललं की हे जळणं विझेल. कुठलं विझतंय! मी दाराशी उभी राहिले, आत जावं की ऑफिसला, कळेना. आत आईची खुर्ची ठरलेली होती, खिडकीशी, तिच्यापुरती उशी, समोर शर्टांचा लहानसा गठ्ठा. ती बसली, शिंपीणबाईने दिलेली पितळी टोपी बोटात चढवली, एक सुई हातात घेतली, डोळ्यांशी नेली, लांब धरली, आणि वैतागून हाक मारली, “ठके!”

“काय?” आम्ही दोघी एकदम म्हणालो. ती मशिनपाशी होती, मी दारात. तिला दोन पावलं, मला सहा. ती उठलीच होती. पण मी गिऱ्हाइकाच्या टांगलेल्या कोटाला धडकून, अक्षरशः धावत जाऊन, आईच्या हातातून सुई घेतली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई! दोरा चाटून टोकदार केला, नेम धरला. गेला नाही. चष्मा ऑफिसात टेबलावर राहिला होता. पुन्हा धरला, बाजूने गेला. नेढं दिसतच नव्हतं. शिंपीणबाईने बाजूने हळूच हात पुढे केला. “नको,” मी म्हटलं, जरा जास्तच जोरात, “मला जमतं.” तिने हात मागे घेतला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्यातला एक शर्ट मांडीवर पसरला आणि काजाची जागा नखाने आखायला लागली.

“हळू गं,” ती वर न पाहता म्हणाली, “भरपूर वेळ आहे.”

पाचव्या खेपेला दोरा गेला.